बापू मगदुमांची दुसरी खुर्ची

बापू मगदूम एका थर्मामीटरवर विश्वास ठेवत नाहीत. कुणाच्याही बेदाण्याच्या शेडमध्ये गेले की एक या टोकाला टांगतात, एक त्या टोकाला, आणि दोन्हींतला फरक वहीत लिहितात. घरात घड्याळं दोन. संध्याकाळी गच्चीवर खुर्च्याही दोन. एकीवर स्वतः, दुसरी रिकामी. ‘एका टोकाला काय बी कळत न्हाई गड्या,’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

वर्षभरापूर्वी निवृत्त होऊन ते आमच्या गल्लीत राहायला आले. अग्निबाण केंद्रात नोकरीला असताना ते अग्निबाणावर बसवायच्या मोजणीच्या दांड्या बनवत. अग्निबाण वर जाऊन बेरियमची वाफ सोडायचा, उन्हानं तिचा विद्युतभारित ढग व्हायचा. दांडीच्या दोन टोकांतल्या विद्युतदाबाच्या फरकावरून ढगातलं विद्युतक्षेत्र आणि त्यात उठणाऱ्या लाटा मोजायच्या. तासगावात तीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलंय, हे सहज समजावलं असतं. पण मला विचारतो कोण? बापू तोंडानं त्या लाटांचा, स्पीकरवर ऐकू यायचा तसा, ‘सूंऽऽई’ आवाज काढतात आणि माझेच विद्यार्थी त्यांच्या पाया पडतात. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातलं भाषणही त्यांनाच मिळालं. पहिल्या रांगेत बेदाणेवाले. एकानं उठून विचारलंच, ‘आवं बापू, तुमी आभाळात ढग करत हुता म्हनं. मग परवाच्या अवकाळीचं काय?’ बेदाणा रॅकवर वाळत असताना ढग करणारा माणूस आमच्याकडं गुन्हेगारच.

‘त्यात पानी नसतंय गड्या. नुसता उजेड.’

टाळ्या पडल्या. मला राहवेना. मी उठलो आणि खोचून विचारलं, ‘बापू, रंग कसा होता हो तुमच्या ढगाचा?’

बापू म्हणाले, ‘सर, मी बघितला न्हाई. ढग सुटला की समदे भाईर पळायचे. मी आत, आलेख काढणाऱ्या यंत्राच्या सुईपाशी. ती सोडून कसं जायचं? नंतर फोटो बघितलं, पर फोटो म्हंजे दुसऱ्याचं डोळं.’

मी जिंकलो होतो. घरी आलो, पण जेवण गेलं नाही. त्या माणसाचा मी वर्षभर हेवा केला होता, आणि त्याच्यापाशी हेवा करण्यासारखं काय, तर एक सुई आणि दुसऱ्यांनी काढलेले फोटो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला माफी मागायला त्यांच्या गच्चीवर गेलो. ती रिकामी खुर्ची कुणा बड्या शास्त्रज्ञासाठी राखलेली असणार, अशी माझी पक्की समजूत होती. बापूंनी ती टॉवेलनं पुसून पुढं सारली.

‘बसा सर. ढग ह्याच वक्ताला सोडायचे. खाली अंधार, वर ऊन. आता सांगा, पुस्तकात रंग कसा लिवलाय?’

‘जांभळट,’ मी म्हणालो. ‘लांबट पसरत जातो.’

‘व्हय,’ ते आभाळाकडं बघत म्हणाले. ‘सुईवरनं तसाच वाटला हुता.’

मी माफीचे शब्द जुळवत होतो. तेवढ्यात तेच म्हणाले, ‘खुर्ची तुमच्यासाठीच हुती सर. ह्यातलं कळणारं गल्लीत दुसरं कोन हाय? पर मी फिटर माणूस, तुमाला बलवायचं कसं? लय दिस लावलासा.’