उलटी भट्टी

भिंगारच्या सहा नंबर बंगल्यावर शांतवन माळीही होता आणि चौकीदारही. नाताळाच्या आदल्या दिवशी दोन्ही कामं एकदम जाण्याची त्याला धास्ती लागली होती. नवे मेजरसाहेब नाताळाच्या सकाळीच हजर होणार होते, आणि जुनी माणसं ठेवायची की काढायची हे साहेब लोक पहिल्या भेटीतच ठरवतात. म्हणून त्याच्या बायकोने, मरियमने, महिनाभर बिनसाखरेचा चहा पिऊन रेशनची साखर वाचवली होती. साहेबापुढे नाताळाची डाली, म्हणजे भेटीचं ताट, ठेवायची आणि ती नानकटाईने भरायची, असा तिचा बेत होता.

साठ नानकटाया पत्र्यांवर मांडून झाल्या. प्रत्येकीवर मरियमच्या अंगठ्याचा ठसा आणि ठशात एक चारोळी. एवढं झाल्यावर बाजारातल्या भट्टीवाल्याने सांगून पाठवलं की लढाईमुळे पलटणीचे पावच संपत नाहीत, घरगुती पत्रे नाताळ उरकल्यावर आणा. मरियमने पत्रे फडक्याने झाकून ठेवले.

त्याच दुपारी आसारामची बैलगाडी साहेबांचं सामान घेऊन स्टेशनावरून आली. त्यात एक पांढरं लोखंडी कपाट होतं, आणि ते गाडीत डोक्यावर उभं होतं. पाय वर असले की दोर बांधायला बरं पडतं, असं आसारामचं मत होतं. चौघांनी मिळून ते उतरवलं, सरळ केलं, आणि मरियमने त्याला एक फेरी मारली. आत जाळीच्या फळ्या, तळाशी रॉकेलची टाकी आणि वात, पाठीमागे धुराडं. लहानपणी नगरच्या मिशन बंगल्यात मडमेची लोखंडी भट्टी तिने पाहिली होती.

“भट्टी हाय ही,” ती म्हणाली. “देवानंच धाडली.”

साहेबाच्या वस्तूला हात लावू नये, असं शांतवनने तीनदा बजावलं. पण साहेबाचीच नानकटाई साहेबाच्या भट्टीत भाजायला हरकत कसली, असं म्हणत मरियमने काडी ओढली. वात पेटली, पत्रे आत गेले, दार लागलं.

दिवेलागणीला उघडून पाहिलं तर नानकटाया कच्च्याच, आणि वर गार. जाळ कमी पडला असेल म्हणून मरियमने वात मोठी केली. सकाळी दार उघडल्याबरोबर आतून पांढरी वाफ आली, तेव्हा तिला हायसं वाटलं. तिने फडक्याने पत्रा धरला, आणि फडक्यातून तिची बोटं गारठली. वरच्या कप्प्यातली नानकटाई तिने फरशीवर आपटली. ती खडा पडावा तशी वाजली आणि फुटली नाही.

दोघं गुडघे टेकून खाली बघू लागले. ज्योत होती, नीट जळत होती. वर हात घातला की हिवाळा. खाली विस्तव आणि वर बर्फ हे त्यांनी ना ऐकलं होतं ना पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. शेजारची छबूबाई धावत आली. तिने आत कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, हाताकडे बघत राहिली. मग घरी जाऊन हळदीकुंकू घेऊन आली आणि कपाटाच्या दाराला लावलं. पाठोपाठ आळीतली माणसं चपला बाहेर काढून एकेक करून हात घालून जाऊ लागली.

त्या रांगेच्या शेवटी साहेब येऊन उभे राहिले.

रांग पांगली. साहेबांनी कुंकू पाहिलं, दार उघडलं, आत हात घातला आणि तसेच थांबले. मग त्यांच्या मोजक्या हिंदुस्तानीत विचारलं, “ये ठंडा किसने किया?”

भट्टी थंड कुणी केली, असाच अर्थ शांतवनने घेतला. महिनाभराची साखर, बंगल्यावरची राहायची खोली, सगळं गेलं असं धरूनच तो पुढे झाला.

“म्या केली, साहेब. बायकोचा काय बी दोष न्हाई. गाडीत उलटी आणली, सरळ केली, वात लावली. तवापासनं थंडच हाय.”

साहेबांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरून हलवला.

आता वाचकांना म्हणून सांगतो, साहेबांचं हे थंडीचं कपाट, म्हणजे रॉकेलवर चालणारा फ्रिज, वर्षभर बंद होतं. पुण्याच्या दोन मिस्त्र्यांनी हात टेकले होते. असलं कपाट काही वेळ उलटं ठेवलं तर कधीकधी पुन्हा चालू होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आसारामलाही नव्हतं.

साहेबांनी पत्रे पलटणीच्या भट्टीवर पाठवले. गोठलेलं पीठ पसरलं नाही, साठही नानकटायांवर मरियमचा अंगठा रेघेरेघेनिशी उमटलेला राहिला. साहेबांनी नऊ खाल्ल्या आणि शांतवनला बंगल्याचा मिस्त्री नेमला.

“भट्टी बिघडवली म्हणून बढती देणारा साहेब,” मरियम छबूबाईला म्हणाली, “लई मोठ्या मनाचा.”

पंधरा दिवसांनी शेजारच्या बंगल्यातल्या मडमेने आपला मुका पडलेला ग्रामोफोन शांतवनमिस्त्रीकडे पाठवला. त्याने तो चारी बाजूंनी पाहिला, कान लावला, मान हलवली. मग आसारामला हाक मारली.

“गाडी जुंप,” तो म्हणाला. “आन् ह्याला डोक्यावर उभा कर.”