सुरूच्या फांदीपुढचं गाऱ्हाणं

‘घोन्साल्विस’ हे आडनाव मोबाईलवर उमटलं आणि दिव्या अंगणभर नाचली.

तारकर्लीतल्या घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी इंटरनेटवर टाकायची कल्पना तिची. फोटो तिचे, आणि ‘समुद्र चालत दोन मिनिटे’ हे वाक्यही तिचंच. (धावत दोन मिनिटं लागतात, पण असो.) पहिल्याच पाहुण्यांनी ‘कोंबडा पहाटे चारला आरवतो’ असं लिहून दोन तारे दिले होते. त्या दिवसापासून तिचे बाबा, सुदेश, होडीवरून घरी आले की पाय धुता धुता तेच बजावायचे, “परत एकदा दोन तारे पडले, तर मोबाईल कपाटात आणि तू दहावीच्या पुस्तकात! समाजला?”

“बाबा, वसईची माणसा आसत. चोवीस ते सव्वीस! ऐन नाताळात घर सोडून येतत, तेंका घरची आठवण इली तर?”

“मगे काय करुया म्हणतस?”

“आपणच नाताळ करुया!”

“गो, पण तेंका इचारलंस काय?” आई, म्हणजे सारिका, चुलीपासून ओरडली.

“सरप्राईज इचारून देतत काय गो आई?”

इथेच सगळं बिघडलं.

बाबांनी किनाऱ्यावर मोडून पडलेली सुरूची फांदी आणून वाळूच्या बादलीत रोवली. तिच्यावर गणपतीची लुकलुकती माळ चढली. शेंड्याला दिवाळीचा कंदील. गणपतीच्याच मखरात पेंढा पसरून गोठा झाला, आणि गोठ्यात जनावर हवंच म्हणून शेजारचं वासरू आणून बांधलं. त्याने पाहुणे यायच्या आत अर्धा गोठा खाल्ला. राहिला सांता. ते काम लवूकाकाकडे गेलं, कारण गावात तेवढं पोट दुसऱ्या कुणाचं नव्हतं. लवूकाका बाबांचा चुलतभाऊ. आईचा लाल गाऊन आणि कापसाची दाढी त्याने आनंदाने स्वीकारली.

“बोलाचा काय पण?” त्याने विचारलं.

“तुका सुचात ता बोल,” दिव्या म्हणाली. ही तिची दुसरी चूक.

चोवीस तारखेला दुपारी घोन्साल्विस जोडपं रिक्षातून उतरलं. नेल्सनकाका हसतमुख, झोपाळू. सिंथियाबाई मात्र फाटकातच थबकल्या. त्यांनी कंदील बघितला, मखर बघितलं, वासराने त्यांना बघितलं, आणि त्या बॅगेवरच बसल्या.

“अरे देवा,” त्या पुटपुटल्या. “इथेही?”

“बघलंस? गहिवरल्या!” दिव्या आईच्या कानात कुजबुजली.

आईला तर नुसता चेव आला. एवढ्या लांबून आलेल्या बाईला परकं वाटायला नको, म्हणून तिने सिंथियाबाईंना चहा संपायच्या आत स्वयंपाकघरात नेलं. “ताई, तुमचे ते नाताळचे गोड कुलकुल कसे करतत गो? माका शिकव. दोन किलो पीठ मळून ठेवलंय!”

नेल्सनकाका खोलीत घोरत होते आणि सिंथियाबाई नक्षीसाठी नव्या कोऱ्या कंगव्यावर पिठाची गोळी दाबून, वळून, परातीत टाकत होत्या. दोन तास! मधूनमधून त्या इतका मोठा सुस्कारा सोडत की पिठी उडे. दिव्याला वाटलं, घरची आठवण. म्हणून तिने आणखी एक माळ लावली.

दिवेलागणीला लवूकाका अवतरला. शेजारपाजारचे वीसेक जण जमलेच होते. आता हा ‘हो हो हो’ करणार म्हणून दिव्याने मोबाईल उंच धरला. पण लवूकाकाने आयुष्यात माणसांपुढे उभं राहून एकच गोष्ट केली होती. देवळात सगळ्या गावाच्या वतीने तो गाऱ्हाणं घालायचा: तो देवाकडे मागायचा, बाकीचे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. त्याने सुरूपुढे नारळ ठेवला, दाढी बाजूला सारली आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा!” तो असा गरजला की वासरू उठून उभं राहिलं. “तुझ्या वाढदिसाक ही वसईची लेकरा आमच्या दारात इली हत!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंका काय कमी पडला आसात, काय वाकडा-तिकडा झाला आसात, ता सरळ कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ताई, आता तुमचा मागणा बोला. भियां नको.”

“सांगू?” सिंथियाबाई पुढे आल्या. कपाळाला पीठ तसंच. “खरंच सांगू? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. सत्तावीस नाताळ मी चुलीपुढे उभ्याने काढले! चाळीस माणसांचं जेवण, वर फराळ. यंदा मुलं परदेशी, म्हणून ह्यांना म्हटलं, नाताळ नसेल अशा घरी नेऊन टाका मला. आणि आल्यापासून मी कुलकुल वळतेय! उद्या चर्चमध्ये मिस्साला जाऊन आले की मला कुणी स्वयंपाकघरात बोलवायचं नाही. बस!”

दिव्याला डोळ्यांपुढे दोन तारे दिसले. मग दोनाचा एक झाला.

पण एवढ्या वर्षांची सवय. वीस माणसं एकदम म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

“लवूभावजी, थांबा.” आईने पदर खोचला. “माझापण मागणा रवला. उद्या माकापण कोणी बोलवचा नाय.”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता. म्हणून झाल्यावर त्यांचं तोंड मिटेचना. पण देवापुढे म्हटलेलं मागे कोण घेणार?

नाताळच्या दिवशी सिंथियाबाई आणि आई समुद्राकडे तोंड करून खुर्च्यांत पसरल्या, आणि आत बाबा, नेल्सनकाका आणि दिव्या बांगड्यांची आमटी करू लागले. बाबांनी जन्मभर मासे पकडले होते. ते पुढे आमटी कसे होतात ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. तिघांनीही, एकमेकांना न विचारता, मीठ घातलं.

सत्तावीस तारखेला मोबाईल वाजला. दिव्याने एक डोळा मिटून वाचलं. पाच तारे! खाली सिंथियाबाईंनी लिहिलं होतं, ‘आमटीपेक्षा समुद्र कमी खारट. कोंबडा फार गोड. बायकांनो, नक्की जा. इथे जेवण घरचे पुरुष बनवतात.’

संध्याकाळपर्यंत एकतीस तारखेसाठी विचारणा आली. ठाण्याच्या सहा मैत्रिणी. प्रश्न एकच: स्वयंपाक तुमचे बाबाच करतात ना?

दिव्याने ‘हो’ लिहून टाकलं आणि मग बाबांना सांगितलं. बाबा दिव्याची वही आणि पेन घेऊन आईच्या खुर्चीशी मांडी घालून बसले.

“सारिका, सांग गो. आमटीचा वाटप कसा करतत?”

आईने डोळेसुद्धा उघडले नाहीत. “उद्या सकाळी ये. आणि येताना नारळ खवून आण.”