सायकल पूजेला बसली

पुष्कर ऑफिसातून घरी आला आणि बूट काढता काढता त्याचा एक पाय हवेतच राहिला. हॉलच्या भिंतीवर टांगलेली त्याची सायकल भिंतीवर नव्हती. ती देवघरासमोर पाटावर उभी होती. हँडलला झेंडूचा हार, सीटवर अक्षता, दोन्ही चाकांना हळदीकुंकवाची बोटं आणि पुढच्या ब्रेकमध्ये खोवलेलं आंब्याचं पान. शेजारी तांदळाच्या स्वस्तिकावर कात्री, विळी, सुमेधाचा लॅपटॉप आणि त्याच रांगेत त्याचा हवेचा पंप, पान्यांचा संच, छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा आणि हँडलवर लावायचा छोटा कॉम्प्युटर. प्रत्येकावर एकेक फूल.

"सुमेधा," तो कुजबुजला, "हे काय?"

"खंडेनवमी," बायकोही कुजबुजली.

"अगं, माझी उद्या पहाटे साडेपाचला रेस आहे!"

"आईंना माहितीय. म्हणून तर बसवली त्यांनी."

पुष्करचे वडील लालबागच्या गिरणीत मागावर होते. खंडेनवमीला मागाची पूजा व्हायची आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत माग बंद. पूजेला लावलेलं हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, हा नियम पुष्करच्या आईने, कांताबाईंनी, सासूबाईंकडून घेतला होता आणि गिरण्या गेल्या, चाळ पाडून सात मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली तरी सोडला नव्हता. इतकी वर्षं बिचाऱ्यांना यंत्र म्हणून मिक्सरवर भागवावं लागत होतं. आता घरात चाक असलेलं, साखळी असलेलं, तेल लागणारं खरंखुरं यंत्र होतं. यंदा त्यांनी ते हौसेने पाटावर घेतलं होतं. आणि उत्तरपूजा त्या दरवर्षी दसऱ्याला सकाळी अकराला करत.

अकराला पुष्कर पनवेलहून परत येत असायला हवा होता. वडाळ्याहून पनवेलच्या पुढे आणि परत, शंभर किलोमीटर, साडेसहा तासांत. पहिल्या वर्षी तो वाशीच्या पुलावर सगळ्यांच्या पुढे होता आणि कळंबोलीत फुटपाथवर आडवा होता. दुसऱ्या वर्षी पुन्हा वाशीपर्यंत पुढे होता आणि कळंबोलीच्या त्याच फुटपाथवरच्या चहावाल्याने त्याला ओळखलं होतं. यंदा तिसरी आणि शेवटची वेळ. सुमेधाशी तसा करारच झाला होता. वेळेत पोचला तर सायकल भिंतीवर राहील. नाही पोचला तर सायकल विकायची आणि त्या भिंतीला घडीचं जेवणाचं टेबल लावायचं. लग्न झाल्यापासून ती मांडीवर ताट घेऊन जेवत होती.

"तू सांग ना आईला," पुष्कर म्हणाला.

"मी? आई कुणाची?"

तो बाल्कनीत गेला. कांताबाई जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचा आवाज आयुष्यात कधी चढला नव्हता. त्या दुखावल्या की फक्त "बरं" म्हणत, आणि ते "बरं" घरात आठवडाभर फिरत राही.

"आलास?" त्या हळूच म्हणाल्या. "बघितलीस? छान दिसते ना?"

"आई, ते उद्या माझी…"

"हो रे. नऊ दिवस फळांवर आहे मी, ते त्यासाठीच. म्हटलं, दोन वर्षं पोराला यश येत नाही. या वेळी देवीच्या पायाशी घालू."

"छान दिसते," तो म्हणाला.

"आणि हो, त्या तुझ्या संत्र्याच्या गोड पुड्या होत्या ना फ्रिजमध्ये, त्या मी भजनात प्रसाद म्हणून दिल्या. हिरवा ठिपका बघूनच घेतल्या हो."

ते रेसमध्ये दर पाऊण तासाला एक घ्यायचे एनर्जी जेल होते. एकेका पुडीत दोन कप कडक कॉफीचा जोर. बिल्डिंगच्या खालच्या हॉलमधून भजनाचा आवाज येत होता. एरवी भजनात पेंगणारी मंडळी आज टाळ असे कुटत होती की पखवाजवाला "जरा दम घ्या, ताई" असं ओरडत होता.

फोन वाजला. नील. पुष्करचा कोच. वय सव्वीस आणि बोलणं पन्नाशीचं.

"सर, आज सायकलला हात लावायचा नाही हां. टोटल रेस्ट."

"हात लावताच येत नाहीये."

"गुड! आणि उद्या काय लक्षात ठेवायचं?"

"नवीन काही नाही," पुष्कर पाठ म्हणाला.

"करेक्ट. तीच सायकल, तेच बूट, तेच जेल. ज्याची प्रॅक्टिस नाही ते रेसला करायचं नाही. दुसरं, पहिला तास हळू. ठोके एकशे पंचेचाळीसच्या वर गेले की मागे या. तिसरं, तहान लागायच्या आधी पाणी, भूक लागायच्या आधी खाणं. झोपा आता."

पुष्करने फोन ठेवला. "पाव आणतो," असं मोठ्याने म्हणून तो आणि सुमेधा जिना उतरले.

"सायकल मिळव कुठूनतरी," सुमेधा म्हणाली. "आईंना कळता कामा नये."

"तुला तर टेबल हवंय ना?"

"हवंय. पण हरल्यावर हवंय. असं फुकटात नको."

त्याने आधी भायखळ्याच्या कल्पेशला फोन लावला. त्याच्याकडे दोन सायकली होत्या.

"पुष्कर, तूच बोल भाई," कल्पेश रडवेला झाला होता. "सासू आलीय मालवणहून. दोन्ही सायकली पाटावर. मी स्वतः उद्या रेसला नाहीये. झोपून राहणार. तुझ्याकडं एक्स्ट्रा आहे का?"

मग दोघं नाक्यावरच्या तुळशीदासच्या दुकानात गेले. आत तीस-बत्तीस सायकली ओळीने उभ्या होत्या आणि झाडून सगळ्यांना हार होते. तुळशीदास नवा सदरा घालून पेढा खात होता.

"शेठ, एक सायकल भाड्याने द्या. उद्या दुपारपर्यंत."

"आज? आज स्पॅनरला पण सुट्टी आहे."

"यातली एक तरी पूजेतली नसेल?"

"बघ ना. ती पंक्चरची ट्यूब बघ. तिच्यावर पण कुंकू आहे. हवा भरून मागू नकोस, पंप पण बसलाय."

"बरं, पेढा तरी द्या," सुमेधा म्हणाली.

हताश होऊन दोघं परत आले तर पार्किंगमध्ये पहिल्या मजल्यावरचे गंगाधरकाका आपली काळी सायकल फडक्याने पुसत होते. बत्तीस वर्षांची सायकल. पुढे डायनॅमो, मागे लोखंडी कॅरियर, मधे दांडा. हार नाही, कुंकू नाही.

"काका, हिची पूजा नाही केली?" पुष्करच्या आवाजात इतका आनंद होता की काका दचकले.

"पूजा यंत्राची करतात. ही माझ्या घरची माणूस आहे."

सुमेधाने सगळी हकिकत सांगितली. काका ऐकत गेले, मान डोलावत गेले आणि शेवटी म्हणाले, "ने. पण घंटी काढायची नाही, कॅरियर काढायचा नाही. आणि पनवेलच्या पुढे जातोयसच तर येताना आपट्याची पानं आण. इथे दादरला कांचनाची पानं आपटा म्हणून गळ्यात मारतात. अख्ख्या बिल्डिंगला पुरतील एवढी आण."

"काका, रेस आहे हो."

"मग? कॅरियर रिकामा कशाला न्यायचा?"

पहाटे साडेचारला पुष्कर चोरपावलांनी निघाला. कांताबाई उठलेल्याच होत्या. समई लावत होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पाटावरच्या सायकलकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. काहीतरी म्हणणार होत्या, पण म्हणाल्या नाहीत. उकडलेली दोन रताळी, मूठभर खजूर आणि चार राजगिऱ्याचे लाडू त्याच्या खिशांत कोंबले आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

वडाळ्याला रेसच्या गेटवर संघमित्रा नावाची मुलगी यादी घेऊन उभी होती. तिने हात आडवा केला. "काका, दूध दुसऱ्या गेटने. इथून रायडर्स जातात."

पुष्करने जर्सीवरचा नंबर दाखवला. तिने सायकल वरून खाली, खालून वर बघितली. "हेल्मेट आहे. पुढचा लाइट आहे. मागचा आहे. घंटी?"

पुष्करने घंटी वाजवली. मागचे बाराजण बाजूला झाले.

"सर!" नील धावत आला. "सर, हे काय?"

"खंडेनवमी."

"ही कुठली कंपनी?"

पुष्करने त्याला थोडक्यात सांगितलं. नीलचा चेहरा बघवेना. "नवीन काही नाही म्हटलं होतं मी!"

"बत्तीस वर्षं जुनी आहे."

"ठोके कसे मोजणार? पट्टा कुठाय?"

"तोही पूजेत."

नीलने डोळे मिटले, उघडले. शेवटी कोचच तो. "ओके. मग असं करा. सतत बोलत राहा. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर झोन दोन, म्हणजे स्पीड बरोबर. शब्द तुटायला लागले की हळू."

शिट्टी वाजली. दोनशे हलक्या सायकली भुर्रकन गेल्या. पुष्करने नेहमीच्या सवयीने जोर लावला. गंगाधरकाकांच्या सायकलने तो जोर घेतला, विचार केला आणि आपल्याच चालीने निघाली. तिला पळवणं शक्य नव्हतं. गिअर एकच, आणि तोही म्हाताऱ्या माणसाच्या स्वभावाचा.

बोलायचं काय, हा प्रश्न होता. पाठ अशी मोठी गोष्ट त्याला एकच येत होती. त्याने रामरक्षा सुरू केली. चढ आला की शब्द तुटायचे, मग तो पाय सैल सोडायचा. शेजारून जाणारा एक जण म्हणाला, "काका, काय म्हणताय?"

"झोन दोन," पुष्कर म्हणाला.

दर पाऊण तासाला त्याने खिशात हात घातला. खजूर. लाडू. रताळं. पोट एकदाही कुरकुरलं नाही. कळंबोली आली. फुटपाथवर तीन कार्बनच्या सायकली आडव्या होत्या आणि त्यांचे मालकही. चहावाल्याने पुष्करला बघितलं आणि सवयीने स्टूल पुढे केलं. पुष्करने घंटी वाजवली आणि पुढे गेला. चहावाला ग्लास हातात धरून बघतच राहिला.

पनवेलच्या पुढे रेसच्या कार्डावर शिक्का मारून घेतला, तर रस्त्याकडेला एक म्हातारी आपट्याच्या फांद्या घेऊनच बसलेली. तिने दोन भारे कॅरियरवर असे बांधले की मागून बघणाऱ्याला सायकल दिसेना, माणूस दिसेना. एक झाड वडाळ्याकडे निघालंय, एवढंच दिसत होतं.

वाशीच्या पुलावर समोरून वारा सुटला. पहाटे भुर्र गेलेले सगळे तिथे एकेक करून गळत होते. पुष्कर त्यांच्या बाजूने गेला तसा एकाला साक्षात्कार झाला.

"अरे, काकांच्या मागे वारा नाहीये!"

"सरक, सरक! काका, बसू का मागे?"

"बसा. पण फांद्या ओढू नका," पुष्कर म्हणाला.

मानखुर्दला मागे सातजण होते, चेंबूरला चौदा. पुढे रामरक्षा म्हणणारं झाड आणि मागे रंगीबेरंगी जर्सीवाल्यांची शेपटी. सिग्नलला लोक हात जोडत होते. एका बाईने कुठल्या देवीची मिरवणूक म्हणून विचारलं.

मुदत बाराची होती. अकरा बावन्नला काळी सायकल वडाळ्याच्या रेघेवरून गेली. संघमित्राने वेळ लिहिली, मग पानांकडे बघितलं. "सर, एक पान देता? आज बाजारात जायलाच वेळ मिळणार नाही." पुष्करने तिला फांदीच दिली. मागचे चौदाजण उतरून त्याला मिठ्या मारत होते. नील फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो, हो, माझाच स्टुडंट."

सुमेधा त्याला आणायला आली होती. तिने कार्डावरची वेळ दोनदा वाचली आणि भर रस्त्यात उडी मारली. मग टेबल आठवून तिचं तोंड किंचित वाकडं झालं, पण किंचितच.

घरी कांताबाईंनी दारातच ओवाळलं. पुष्कर आत आला. सायकल पाटावर नव्हती. ती पुसूनबिसून भिंतीवर, आपल्या जागी होती.

"उत्तरपूजा झाली का अकराला?"

"काल संध्याकाळीच केली," कांताबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं पाव आणायला गेलात ना, तेव्हा. पंचांग बघितलं, नवमी संपली होती. म्हटलं, पोराला पहाटे लागणार, अडवून कशाला ठेवायची? अक्षता टाकून हलवली आणि हारासकट तिथेच ठेवली."

पुष्करने भिंतीवरच्या सायकलकडे बघितलं. "आणि पहाटे? मी सायकल न घेता निघालो तेव्हा बोलली नाहीस ते?"

"ओठावर आलं होतं, पण निघणाऱ्याला टोकू नये म्हणून थांबले. मग खिडकीतून बघितलं तर तू गंगाधरभावजींच्या सायकलवर. म्हटलं, त्या नीलने सांगितलेला काही नियम असेल. शेवटच्या दिवशी जड सायकल, असं काहीतरी. तुमच्यात नियम फार. व्रत करणाऱ्याला मधेच टोकू नये रे."

"विचारायचंस तरी, आई!"

"तू कुठे विचारलंस?"

कांताबाईंनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि बाजूला टेकल्या.

"आता विचारू एक?"

"विचार."

"गंगाधरभावजींच्या सायकलवर वेळेत पोचलास," त्या अगदी हळू, मनापासून म्हणाल्या, "मग ही महागाची कशाला लागते?"

पुष्करने सुमेधाकडे बघितलं. ती केव्हाच भिंतीपाशी जाऊन उभी होती, आणि सायकलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वितीने मोजत होती.