आधी चिखल

मुलांनो, नकाशात शोधू नका, सापडणार नाही. पण एका जंगलात प्राण्यांचं एक धावपथक होतं. कुणी पडलं, भाजलं, कुणाला काही चावलं, की टिटवी ओरडत सुटायची आणि पथक धावायचं.

त्या जंगलात आग्यामोहोळं फार. पथकातला साळबा साळिंदर एकदा माश्यांत सापडलेल्या हरणाला सोडवायला होता तसाच धावला. हरीण वाचलं. साळबा घरी आला नाही.

मग त्याच्या बायकोने, साळूबाईने, पथकाला एक नियम घालून दिला. अंगभर ओला चिखल थापला की माशीची नांगी आत पोचत नाही. म्हणून ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या खोडावर तिने आपल्या दातांनी दोन ओळींत कोरलं : ‘आधी चिखल, मग रुग्ण.’ आणि ती स्वतःच पथकात दाखल झाली.

पथकप्रमुख होता गबाजीराव रानडुक्कर. त्याला हा नियम फारच आवडला. पथक रोज लोळू लागलं. चिखल उडून खोडावर बसू लागला. हळूहळू खालची ओळ बुजली. उरलं एवढंच : ‘आधी चिखल.’

मग चिखलाचं प्रशिक्षण सुरू झालं. काळा चिखल बरा की तांबडा, यावर चर्चासत्र झालं. पथकात कुणाला साधं खरचटलंही नाही.

“बघा साळूबाई,” गबाजीराव म्हणायचा, “तुमच्या नियमापासून एकही गडी गमावला नाही!”

“पथकातला,” साळूबाई म्हणायची.

एके सकाळी टिटवी किंचाळत आली. “टिल्लू ससा मोहोळाखाली पडलाय! माश्या तुटून पडल्यात! चला, चला!”

“लोळा!” गबाजीराव गरजला.

सगळे लोळले. साळूबाईही लोळली आणि उठली. “चला.”

“थांबा. पाठीवर पातळ वाटतोय. पुन्हा!”

पुन्हा लोळेपर्यंत पोटावरचा वाळला.

“वाळला की पोपडे. पोपडे आले की फटी. पुन्हा!”

“अहो, ससा आहे तो, म्हैस नाही!” टिटवी ओरडली. “किती टिकेल?”

“तू वरून उडतेस बाई. तुला बोलायला काय जातं?”

साळूबाईने पंजाने खोडावरचा चिखल खरवडला. “रावसाहेब, हे वाचा.”

गबाजीरावाने डोळे बारीक केले. “‘मग रुग्ण.’ अरे वा! हे कधी ठरलं?”

“माझा नवरा गेला तेव्हा.”

गबाजीरावाने ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, “पण ‘मग’ म्हणजे नेमकं कधी, ते लिहिलेलं नाही.”

साळूबाई निघालीसुद्धा.

टिल्लू डोळे मिटून पडला होता. तोंडावर माश्यांचा थर. तिने आपल्या तोंडावरचा ओला चिखल पुसून त्याच्या तोंडाला फासला, त्याचा एक कान दातांत धरला आणि त्याला ओढत करवंदीच्या जाळीत नेलं. तिच्या उघड्या नाकाचं व्हायचं ते झालं.

दुपारी टिल्लूने डोळे उघडले. समोर भोपळ्याएवढं नाक.

“मावशी, तुम्ही हत्ती झालात?”

“गप पड. तुझा एक कान लांब झालाय, तो बघ आधी.”

आणि साळूबाई हसली. हसताना नाक ठणकलं, तरी हसली. साळबा गेल्यापासून जंगलाने तिचं हसू ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सभा भरली. नाक उघडं ठेवल्याबद्दल साळूबाईला ताकीद मिळाली. एकही गडी न गमावल्याबद्दल गबाजीरावाला मानाचा तुरा मिळाला. नियमातही सुधारणा झाली. खोडावर जागा नव्हती, म्हणून ‘मग रुग्ण’ तासून तिथे कोरलं : ‘नाकासकट.’

दुसऱ्या दिवशी टिटवी पुन्हा ओरडली. साळूबाई नाकासकट लोळली. एकदाच. आणि निघाली.

तात्पर्य : आधी आपला जीव सांभाळावा, मग दुसऱ्याचा. आपला सांभाळून होईपर्यंत दुसरा थांबला नाही, तर तो रुग्ण बेशिस्त होता, असं समजावं.