केरबा अस्वलाची बर्फातली गाडी

एका जंगलात, मुलांनो, वर्षातले पाच महिने बर्फ असे. आणि नेमके तेच पाच महिने तिथली सगळी अस्वलं झोपलेली असत.

तरीही त्या जंगलातल्या प्रत्येक अस्वलाकडे बर्फात चालणारी गाडी होती.

हसू नका. तुमच्या घरातही अशा काही वस्तू असतील.

गाडी मोठी ऐटबाज होती. लांबलचक, मागे सामानाला ऐसपैस जागा, आणि चारही चाकांना सारखा जोर. ती विकायचा गुलाबशेठ ससा. हा ससा उन्हाळ्यात तपकिरी आणि हिवाळ्यात पांढरा असे. त्यामुळे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्यातला वाटे.

"सात वर्षं झाली," गुलाबशेठ सांगे, "एकाही अस्वलाची हिवाळ्यात तक्रार आली नाही."

ते खरंच होतं.

वसंतात अस्वलं जागी होत, गाड्यांवरची पानं झटकत आणि झऱ्याकाठी गप्पा मारत.

"यंदा बर्फ भयंकर पडला म्हणे."

"असेल बुवा. आमच्या गाडीला तर जाणवलासुद्धा नाही."

केरबा अस्वलाकडे मात्र गाडी नव्हती. त्याला कधी गरज वाटली नाही. त्याची बायको आनसा दोन उन्हाळ्यांपूर्वी गेली. गुहेत तो अजून डाव्या बाजूलाच झोपे. उजवी बाजू रोज झाडून ठेवी.

त्यांची एकच मुलगी, तुळसा. ती खिंडीपलीकडे दिली होती. लग्नात आनसा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पहिलं बाळंतपण माझ्याकडे!" आता आनसा नव्हती. पण शब्द दिलेला होता, आणि तो पाळायला घरात केरबा एकटाच उरला होता.

भाद्रपद संपता संपता शेजारची भामाकाकू बकरी निरोप घेऊन आली. ती पाल्यासाठी रोज खिंड ओलांडायची.

"केरबादादा, तोंड गोड करा. तुळसाला दिवस गेलेत."

केरबा ताडकन उठला. त्याने काकूपुढे पाल्याची अख्खी पेंढी टाकली.

"पण सासू काय म्हणते ते ऐका," काकू चघळत म्हणाली. "म्हणते, आमच्यात डोहाळजेवणाआधी सून हलत नाही. डोहाळजेवण पौष पंचमीला. त्यानंतर माहेरचं कुणी न्यायला आलं, तर पाठवू. आपली आपण चालत गेली, तर चार अस्वलांत आमची काय शोभा राहील?"

"पौषात? पौषात अस्वलं झोपतात."

"सासवा एक डोळा उघडा ठेवून झोपतात, दादा."

केरबा दोन दिवस विचार करत बसला. पौषात खिंडीत छातीइतका बर्फ. पोटुशी लेक त्यातून चालवत आणायची? छे. आणि न्यायला गेलंच नाही, तर पोर म्हणेल, आई गेली तसं माहेरही गेलं.

तो गुलाबशेठकडे गेला.

"एक चाक घसरलं तर उरलेली तीन ओढतात," गुलाबशेठ म्हणाला. "दोन घसरली तर दोन ओढतात."

"आणि चारही घसरली तर?"

गुलाबशेठचे कान ताठ झाले. "असं विचारणारे तुम्हीच पहिले. बाकीची अस्वलं रंग विचारतात. बरं, हे बघा. हे बटण दाबलं की बसायची जागा गरम होते. पाठसुद्धा."

"मी अस्वल आहे, शेठ. मला थंडी वाजत नाही."

"सगळे असंच म्हणतात. मग दाबतात."

दसऱ्याला गाडी दारात आली. चारही चाकांना जोर, म्हणून चाकांखाली चार लिंबं ठेवली. रानझेंडूचा हार घातला. भामाकाकूने गाडीला एक फेरी मारली आणि हार खाल्ला.

"दादा, खिंड चालत ओलांडता येते हो. मी पाच वेळा पोटुशी असताना ओलांडली."

"तुमची गोष्ट वेगळी, काकू. तुमच्याकडे गाडी नाही."

काकू हाराचा दोरा चघळत निघून गेली.

मार्गशीर्षात जंगल घोरू लागलं. केरबा एकटा जागा राहिला. मुलांनो, अस्वलाने हिवाळ्यात जागं राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. तो डोक्यावर बर्फ थापी. कडू मुळ्या चघळी. उभ्या उभ्या डुलकी लागली, तर भामाकाकू येऊन शिंगं मारी.

"उठा! पंचमीला अकरा दिवस आहेत."

"जागाच आहे. गाडीचा विचार करतोय."

त्याने गाडीच्या मागच्या भागात वाळलं गवत अंथरलं. वर आनसाची जुनी घोंगडी घातली. ती दोनदा काढली, दोनदा परत घातली. मग राहू दिली.

पंचमी उजाडली. केरबा पहाटेच गाडीत बसला. गाडी सुरू झाली आणि मांजरासारखी गुरगुरू लागली. समोर खिंड स्वच्छ दिसत होती. निघायचंच काय ते बाकी होतं.

निघण्यापूर्वी त्याने ते बटण दाबलं. थंडीसाठी नव्हे. घेतलंय, तर बघावं म्हणून.

ऊब आधी खालून आली. मग हळूहळू पाठीला लागली. पाठीशी कुणी टेकून झोपलं असावं, तशी. केरबाच्या पाठीला दोन हिवाळे ऊब लागली नव्हती.

"नुसते डोळे मिटतो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, कोण जाणे.

पुढे काय झालं ते केरबाला ठाऊक नाही. म्हणून आपल्यालाही थांबायला हवं. फाल्गुन येऊ द्या.

फाल्गुनात कुणीतरी केरबाचा कान चावला. चावणाऱ्याला दात फुटलेले नव्हते. केरबाने डोळे उघडले. खांद्यावर एक काळा गोळा बसला होता. दुसरा गोळा गाडी वळवायचं चाक फिरवायचा प्रयत्न करत होता. आणि मागे, घोंगडीवर, तुळसा आळस देत होती.

"आणली!" केरबा ओरडला. "आणली की मी तुला!"

मग त्याने काचेतून बाहेर पाहिलं. बाजूला त्याचीच गुहा होती. गाडी जागची तसूभरही हलली नव्हती.

त्याने वळून तुळसाचे पाय पाहिले. चारही तळवे भेगाळले होते. एका पंजाला जुनी जखम होती, वर खपली धरलेली.



"तुळसे, मी आलोच नाही."

"आलात, बाबा."

"अगं, मी इथेच..."

"तुम्ही आलात. सासूबाईंना मी तसंच सांगितलंय." तुळसा पिल्लाला चाटत होती. "दोन दिवस वाट पाहिली. मग म्हटलं, बाबा गाडी घेऊन खिंडीखाली उभे आहेत, बर्फामुळे वर येता येत नाही. सासूबाईंनी दुसरा डोळाही उघडला. म्हणाल्या, गाडी आहे? चारही चाकांना जोर असलेली? मग जा बाई, त्यांना ताटकळत ठेवू नकोस."

"आणि तू चालत आलीस."

"काकू पुढे होती. वाट तिने केली."

"मला उठवायचंस तरी."

"किती हलवलं! उठला नाहीत. आणि झोपेत हसत होतात. मी म्हटलं, असू दे." तिने घोंगडी जवळ ओढली. "घोंगडीला अजून आईचा वास आहे."

केरबाने दुसरं पिल्लू उचललं आणि त्याच्या पोटात नाक खुपसलं. बराच वेळ ते बाहेर काढलं नाही.

एवढ्यात गुलाबशेठ आला. अर्धा पांढरा, अर्धा तपकिरी झालेला. हातात हार.

"पौषात खिंडीतून लेक आणणारी जंगलातली पहिली गाडी! सगळीकडे बातमी पसरलीय. ताई, चार शब्द सांगा. पाटीवर लिहायचेत. प्रवास कसा झाला?"

मागोमाग आलेल्या भामाकाकूने तोंड उघडलं. तुळसाने तिच्याकडे पाहिलं. काकूने उघडलेल्या तोंडात हार घेतला.

"गाडीत फार ऊब होती," तुळसा म्हणाली.

गुलाबशेठने लिहून घेतलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

चैत्रात केरबा लेकीला पोचवायला निघाला. दोन पिल्लं पाठीवर घेऊन, पायी. खिंडीत तुळसा पुढे होती. कुठे पाय ठेवायचा ते ती दाखवत होती. पलीकडे सासूबाई व्याह्यांच्या स्वागताला बाहेर आल्या आणि केरबाच्या मागे बघू लागल्या.

"गाडी कुठंय?"

तुळसा काही सांगणार, तोच केरबा पुढे झाला.

"ती बर्फातली गाडी आहे, विहीणबाई," तो म्हणाला. "अशा उन्हात मी तिला बाहेर काढत नाही."

सासूबाईंनी मान डोलावली. पुढच्या दसऱ्याला त्यांनीही एक घेतली.

तात्पर्य : बर्फ आपल्या पायांनीच ओलांडावा लागतो, पण घरच्यांनी निघू द्यावं म्हणून गाडी असलेली बरी. आणि वडील गाडीत झोपलेले दिसले, तर त्यांना उठवू नये. ते फार लांबून आलेले असतात.