दहावा रकाना

फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हा आमच्या घरातला नियम. त्याला 'का' विचारायचं नाही. बाबा तीस वर्षं आवक-जावक विभागात कारकून आहेत, आणि रिकामा रकाना दिसला की त्यांना गळका नळ दिसल्यासारखं होतं. उठून बंद केल्याशिवाय चैन पडत नाही. मी अकरा वर्षांची असताना वाचनालयाच्या फॉर्मवर 'पतीचे नाव' या रकान्यात त्यांनी 'अद्याप नाही' असं लिहिलं होतं. (वाचनालयाच्या बाई अजूनही मला बघून विचारतात, "अद्याप?")

हे सगळं ठाऊक असूनही मी एक चूक केली. कला महाविद्यालयाचा फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेले. अक्षररचनेचा अभ्यासक्रम, जागा बारा, अर्ज आठशे. गेली दोन वर्षं मला दुसरं काही सुचत नव्हतं. परत आले तेव्हा आई, बाबा आणि काका फॉर्मभोवती असे बसले होते, की मला वाटलं त्याचं ऑपरेशन आहे.

"अभ्यासेतर उपक्रम," बाबांनी वाचलं. "दहा रकाने दिलेत. तोफ, तू काय काय करतेस?"

(तोफ म्हणजे मी. माझं खरं नाव घरात फक्त पाहुणे वापरतात.)

"संध्याकाळी काकाच्या दुकानात कपांवरची नावं कोरते. चार वर्षं झाली."

काकाचं दुकान बक्षिसांच्या कपांचं. शहरातला प्रत्येक जिंकलेला माणूस माझ्या हाताखालून गेलाय. मी स्वतः आजवर काही जिंकलेलं नाही.

"ते काम झालं गं," काका म्हणाला. "उपक्रम म्हणजे ज्याचा कुणाला काही उपयोग नाही, असं काहीतरी."

"मग एकही नाही. रिकामे सोडा."

तिघंही एकदम बोलायला लागली. आमच्या घरात माणूस गप्प बसतो तो फक्त घसा सुजल्यावर.

शेवटी बाबांनी पेन उघडलं. "खोटं काही लिहायचं नाही. फक्त जरा वाढवून." लिफ्ट बंद असताना मी सहा मजले चढते म्हणून गिर्यारोहण. बाल्कनीत एक वाळलेली कुंडी आहे म्हणून बागकाम. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं कुरियर एकदा घेतलं होतं, समाजसेवा. दुकानातली खोकी उचलते, म्हणून वजन उचलणे. व्हायोलिन कशावरून लिहिलं ते मला आजही कळलेलं नाही. असे नऊ झाले. दहाव्याला मात्र तिघंही अडली.

"वाद घालते असं लिहा," आई वैतागून म्हणाली. "दिवसभर तेच तर करते."

बाबांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'वादविवाद – दररोज, घरगुती पातळीवर.'

आता तुम्ही म्हणाल, तोफ म्हणवतेस आणि हे होऊ दिलंस? दिलं. एका बाजूला माझी तत्त्वं होती आणि दुसऱ्या बाजूला बारा जागा. मी खाली मान घालून सही केली.

पंधरा दिवसांनी व्हिडिओवर मुलाखत ठरली आणि घराचं नाटकाचं स्टेज झालं. कुणी न्यायलाच न आलेला एक कप काकाने दुकानातून आणून माझ्यामागच्या फळीवर ठेवला.

"अरे काका, त्यावर दुसऱ्याचं बक्षीस लिहिलेलं आहे!"

"इतक्या लांबून कोण वाचतंय? नुसती चकाकी दिसते."

बाबा लॅपटॉपच्या मागे दहा उपक्रमांची यादी धरून उकिडवे बसले. काका पडद्याआड. आई कुठूनतरी मागून आणलेलं व्हायोलिन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. (त्याला दोनच तारा होत्या.)

मुलाखत घेणाऱ्या बाई एकट्याच होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी नमस्कार केला, चष्मा खाली घेतला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"वजन उचलणे," त्या सावकाश वाचू लागल्या. "पुरुष गट. द्वितीय क्रमांक."

(चूक माझीच. दहा फुटांवरून वाचता येतील अशीच अक्षरं कोरायची, याचा मला कोण गर्व!)

"भावाचा आहे म्हण!" बाबा कुजबुजले.

"पण मला भाऊ नाही!" मी मोठ्याने म्हणाले.

"मी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"कोरताना चूक झाली म्हण," पडदा म्हणाला.

आता मात्र माझं डोकं सटकलं. "ती पट्टी मी कोरलीय! माझ्या अक्षरात चूक निघणार नाही!"

बाई पुढे झुकल्या. "हे तुम्ही कोरलंय? हाताने? इतक्याशा पट्टीवर हा 'द्वि' कसा बसवला?"

मी कप खाली काढला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि सांगत सुटले. जोडाक्षराला पोटात जागा कशी करून द्यायची, वेलांटी कुठे आवरायची, पितळावर कोरणी सटकली तर काय करायचं. दहा मिनिटं मी बोलत होते आणि बाई मध्येमध्ये "अस्सं!" म्हणत लिहून घेत होत्या.

"पण हे अर्जात कुठेच नाही," त्या म्हणाल्या.

"ते काम आहे, उपक्रम नाही, असं घरचे म्हणाले."

"आणि अर्जात जे आहे ते?"

बाबांनी यादी उलटी केली. मागे ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'सर्व खरे आहे.' बारा जागांपैकी एक जवळजवळ माझी झाली होती. फक्त "हो" म्हणायचं होतं.

"पहिले नऊ खोटे आहेत," मी म्हणाले. "खोडून टाका."

"अगं ए!" बाबा उभेच राहिले, थेट कॅमेऱ्यासमोर. "खोडाखोड केलेला अर्ज बाद होतो!"

बाईंनी बाबांच्या पोटाला नमस्कार केला. "आणि दहावा? दररोज, घरगुती पातळीवर?"

"तो शंभर टक्के खरा आहे. आत्ता दाखवते." मी वळले. "बाबा, तुमचा नियम चुकीचा आहे. माझ्या फॉर्मवरचे नऊ रकाने रिकामे राहतील. मी ते भरणार नाही, तुम्हालाही भरू देणार नाही, आणि त्याला 'का' विचारायचं नाही!"

मी थांबले. तिघांना द्यायला तीन उत्तरं तयार ठेवली होती.

बाबांनी यादीची नीट घडी घालून ती खिशात ठेवली. काका पडद्यातून बाहेर आला आणि कपावरचा 'द्वि' असा निरखू लागला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय. आईच्या हातून व्हायोलिनची एक तार वाजली, तेवढीच. मग फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली. आमच्या फ्रीजला घरघर आहे हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग घड्याळ पाहिलं.

"कोरीवकामावर तुमची जागा पक्की समजा," त्या म्हणाल्या. "पण हा दहावाही खोडावा लागेल. वाद घालणारं दुसरं कुणी दिसलं नाही."

मी मोठ्या आशेने तिघांकडे पाहिलं.

तिघंही गप्प.