खरातअण्णांचं लाल बोट

आमच्या ऑफिसात नेलपॉलिश वापरणारी माणसं दोन. एक मी, दुसरे खरातअण्णा. मी नखांना लावते. अण्णा डबा, छत्री, चार्जर, चपला, दिसेल त्याला लावतात. गडद लाल, एकच ठिपका. एकदा वाढदिवसाच्या केकचा आपला तुकडा ओळखू यावा म्हणून त्यांनी त्यावर जामचं बोट ओढलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात ते नेटवर्क सांभाळतात, मी त्यांच्या हाताखाली. मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. धाकटा भाऊ बिरा अजून गावीच असतो, पण त्याचं नाव काढलं की अण्णा विषय बदलतात. एरवी दिवसभर तोंडी एकच, "खूण केली का?" वैताग यायचा नुसता!

परवा मालकांनी शेजारचा कारखाना घेतला. त्याचं नेटवर्क वेगळ्याच भाषेत बोलणारं. आता सोलापुरात घराघरात तेलुगू, कन्नड, मराठी सुखानं नांदतात, तर मी म्हटलं, यात काय अवघड! मध्ये दोन राउटर बसवले, दुभाषे म्हणून. कुठल्या कॉम्प्युटरकडे कुठून जायचं, ही रस्त्यांची खबर त्यांनी इकडून तिकडे द्यायची, तिकडची इकडे.

"खूण केली का?"

"अण्णा, ही काय मेंढरं आहेत?"

दुपारी दोन्ही कारखान्यांची लेबलं छापायची थांबली. आमचीच खबर एका राउटरमधून तिकडे गेली, दुसऱ्यातून नवी होऊन परत आली, आणि आमच्या यंत्रांनी ती खरी मानली. माहिती नुसती गोल गोल फिरत बसली. मी अण्णांना हाक मारली.

अण्णा ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "दोन कळप मिसळायच्या आदी आपल्या मेंढराला रंगाचं बोट लावत्यात. हितं बी तसंच. भाईर जाणाऱ्या खबरीला खूण लाव. ती दुसऱ्या दारानं परत आली, की आत घेऊ नगं. आपलीच हाय ती!" दोन्ही राउटरवर तसं केलं, आणि लेबलं सुरू झाली.

नंतर चहाच्या टपरीवर अण्णांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माज्या घरी ह्येच झालं बघ."

सहा वर्षांपूर्वी ते थोरल्या बहिणीला, आक्काला, म्हणाले होते की बिरा एकटा दमतो, कळप विकला तरी चालेल. आक्कानं ते बिराला सांगितलं. बिरानं धाकट्या बहिणीला. आणि तिनं अण्णांना येऊन सांगितलं, बिराकडे कळप विकायचं चाललंय!

"माजंच बोलनं, पोरी! मला वाटलं त्येचं. बापाचा कळप इकतोस व्हय, म्हनून न्हाय न्हाय ते बोललो त्येला." तेव्हापासून अबोला. खरं काय ते गेल्या वर्षी कळलं, पण फोन करायचं धाडस होईना. मला फार वाईट वाटलं.

"आता तरी करा की, अण्णा."

"आक्काला सांगतो, ती बिराला..."

"अण्णा! परत मध्ये राउटर?"

अण्णा हसले, आणि त्यांनी बिराचा नंबर लावला.

"बिरा, मी बोलतोय. चुकलं माजं. मेंढरं... इकलीस का रं?"

पलीकडचं मलाही ऐकू आलं. "इकतोय कशाला? तुज्या वाटणीच्यास्नी दरसाल लाल बोट लावतोय की, दादा. माज्यास्नी निळं. कवा येतोस?"

शनिवारी अण्णा सांगोल्याच्या एसटीत बसले. पिशवीत आमच्याच कारखान्याचे दोन टॉवेल होते. एकाच्या कोपऱ्यावर लाल ठिपका, दुसऱ्यावर माझ्याकडून मागून नेलेल्या नेलपॉलिशचा निळा.